शतशब्दकथेचा शेवट कापून छापल्याबद्दल तक्रार आणि प्रवेशशुल्क परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
साहित्य स्पर्धा विभाग

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीच्या अतिलघु साहित्य स्पर्धेत मी शतशब्दकथा आणि हायकू अशा दोन विभागांत भाग घेतला होता. विभागाला २९९ रुपये याप्रमाणे ५९८ रुपये यूपीआयने भरले. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येक प्रवेशिका तज्ज्ञ परीक्षक वाचतील आणि प्रत्येकाला लेखी अभिप्राय मिळेल. बक्षीस मिळालं नाही म्हणून हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुम्ही वाचण्याचे पैसे घेतलेत आणि वाचलं नाहीत, ही माझी तक्रार आहे.

कथा लालबागच्या चाळीतली आहे. नवरा १९८२च्या गिरणी संपात मोर्च्याला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. आता चाळ पुनर्विकासाला गेली आहे. मुलगा टेम्पोत सामान भरतो, देव्हारा आणि तुळस मांडीवर घेऊन सून पुढे बसते, आणि म्हातारी रिकाम्या खोलीच्या दाराला कुलूप लावते. मुलगा म्हणतो, 'आई, आता कुलूप कशाला? उद्या पाडणार चाळ.' त्यावर ती किल्ली नेहमीसारखी चौकटीवर सरकवते आणि म्हणते, 'रात्री उशिरा हे आले तर?'

संपली कथा. शीर्षक सोडून ९८ शब्द.

तुमच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने जी छापली आहे ती 'आई, आता कुलूप कशा' इथे थांबते. अवतरणचिन्हसुद्धा बंद केलेलं नाही. पुढचे पंधरावीस शब्द गायब. आणि याच मजकुरावर तुमच्या तज्ज्ञ परीक्षकांचा लेखी अभिप्राय असा: 'वातावरणनिर्मिती छान, पण कथेला शेवट नाही. कलाटणीवर काम करा.'

अहो, 'कशा' या अर्धवट शब्दावर कथा संपली, तर वाचणाऱ्या माणसाला एवढी तरी शंका यायला नको का, की इथे काहीतरी तुटलंय? शंका आली नाही याचा अर्थ मी एकच लावते.

याबद्दल तुमच्या ग्राहक सेवा विभागाला लिहिलं, तर उत्तर आलं की शब्दमर्यादा ओलांडल्यामुळे प्रणालीने मजकूर आपोआप कमी केला आहे. हे साफ खोटं आहे. मर्यादा ओलांडली गेलेलीच नाही. तुमची प्रणाली शब्द मोजत नाही. ती मजकुरातल्या खुणा मोजते आणि ५०० झाल्या की कात्री चालवते. देवनागरी युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाची वेगळी खूण असते. आपण 'क्षितिज' म्हणताना तीन अक्षरं म्हणतो, संगणक सात मोजतो. 'स्त्री' हे आपलं एक अक्षर, संगणकाच्या हिशेबात सहा. पडताळा म्हणून मी तुमच्या अजून चालू असलेल्या फॉर्मच्या पेटीत 'स्त्री' हा शब्द मध्ये जागा न सोडता शंभर वेळा चिकटवला. ८३ शिल्लक राहिल्या आणि शेवटी पाय मोडलेला एक 'स्' उरला. ८३ गुणिले सहा म्हणजे ४९८, आणि त्या 'स्'च्या दोन खुणा धरून बरोबर ५००. तुमच्या तंत्रज्ञांना हा प्रयोग करायला एक मिनिट पुरेल.

मराठी शंभर शब्द ५०० खुणांत बसणं कठीण आहे. मधल्या मोकळ्या जागाही त्यातच मोजल्या जातात. म्हणजे ज्यांनी नियम पाळून नव्वद-शंभर शब्द लिहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांची शेपूट कापली गेली असणार. फॉर्मवर खुणांचा आकडा दिसत नाही, सूचना येत नाही. उलट हिरवी बरोबरची खूण येते आणि 'अभिनंदन, आपली प्रवेशिका जमा झाली' असं झळकतं. कादंबरीतून वीस शब्द गेले तर चालून जाईल. इथे सगळं ओझं शेवटच्या ओळीवर असतं. असलं लिहिणारी माणसं एक 'च' ठेवावा की काढावा यावर मुलुंड ते सीएसएमटी डोकं खाजवत बसतात. मी त्यांतलीच.

हायकूचं तर काय सांगावं. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हा प्रकार तीन ओळींचा आहे, हे तुमच्याच नियमावलीत आहे. पाच-सात-पाच अक्षरांची अटही तुमचीच. मी पाठवलेला असा होता:

ओला रुमाल
खिडकीत वाळतो
कुर्ला येईतो

तुम्ही तो एका ओळीत सलग छापला, शेवटी उद्गारचिन्ह जोडलं आणि मागे गुलाबाच्या फुलांचं चित्र लावलं. लोकलच्या खिडकीत गुलाब कुठून आला? ओळ कुठे तोडायची हेच ज्या कवितेत अर्धं काम, तिथे तुमच्या पेटीने ओळी पुसून टाकल्या. यावर अभिप्राय आला, 'सुंदर शब्दचित्र, पण यमक जुळवले असते तर अधिक परिणामकारक'. हायकूत यमक लागतंच असं नाही, आणि इथे 'वाळतो' - 'येईतो' असं कानाला लागणारं काहीतरी आपसूक आलंही होतं. असो.

यानंतरची गंमत अशी की ज्या कथेला शेवट नाही असा शेरा मारलात, तीच कथा 'निवडक शंभर' या छापील संग्रहासाठी निवडल्याचा संदेश मला आठवड्याभरात आला. संग्रहात नाव हवं असेल तर किमान दोन प्रती विकत घ्यायच्या, आणि ४९९ रुपये जादा भरले तर 'विस्तृत परीक्षण' मिळेल म्हणे. दिवाळी अंकांच्या संपादकांकडून मी साभार परत पुष्कळ घेतलंय. पण त्यांनी कधी नाकारायचे पैसे घेतले नाहीत, आणि छापलं तर निदान अंकाची एक प्रत तरी घरी पाठवली. लेखकालाच गिऱ्हाईक करायचा हा धंदा मला मान्य नाही, आणि गिऱ्हाईकच समजत असाल तर मग गिऱ्हाईकाचे हक्कही द्या.

ते हक्क असे आहेत. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५७ नुसार, लेखकाच्या साहित्याची मोडतोड करून त्याच्या नावलौकिकाला बाधा आणली तर लेखक त्याला हरकत घेऊ शकतो, आणि हक्क दुसऱ्याला दिले असले तरी हा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तुमच्या नियमावलीत तळाशी बारीक अक्षरांत 'सादर केलेल्या साहित्याचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील' असं वाक्य आहे. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरणाला लेखी करार आणि सही लागते. मी कशावरही सही केलेली नाही. शिवाय पैशांची पावती मागूनही तुम्ही दिली नाहीत. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा पावती न देण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. ५९८ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. अपुरी कथा आणि सलग केलेला हायकू संकेतस्थळावरून काढा. संग्रहातून तर दोन्ही वगळाच, संपूर्ण छापायची तयारी दाखवलीत तरी मला आता तुमच्याकडे छापायचं नाही. दोन्हींचे हक्क माझ्याकडेच आहेत असं लेखी कळवा. आणि ज्यांच्या ज्यांच्या कथा ५०० वर कापल्या गेल्या त्या सगळ्यांना तसं कळवून मूळ मजकूर पुन्हा मागवा, निकाल पुन्हा लावा. माझ्यासारख्या कितीजणांना अजून पत्ताही नसेल की आपली कथा अर्धीच वाचली गेली. त्यांत पहिल्यांदाच लिहिणारी कॉलेजची पोरं असणार. 'शेवट नाही' हा शेरा वाचून त्यांनी वही मिटून ठेवली तर ते नुकसान तुमच्या २९९ रुपयांत भरून निघणारं नाही.

मूळ मजकूर, पैसे भरल्याची नोंद, तुमचा अभिप्राय, ग्राहक सेवेचं उत्तर आणि 'स्त्री'च्या प्रयोगाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमचं कार्यालय कुठल्याही शहरात असलं तरी ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला आयोग फी घेत नाही.

उत्तर माणसाने लिहावं ही विनंती. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी बहुमूल्य आहे' हे आधीच दोनदा आलंय.

आपली,
स्पर्धक (शतशब्दकथा व हायकू विभाग)
मुलुंड (पूर्व), मुंबई