दादाशी आडून नको, सरळ बोला

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा दादाबद्दल म्हणाले, "त्याला कुणाचं काही पडलेलंच नाही." ते मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही दादाला ऐकू जाईल असं म्हणालात, "गुडघे फार धरलेत आज, दूध आणायचं राहिलंय." तो "हो का" म्हणून खोलीत गेला. तुम्हाला लागलं, लागणारच. पण ही बेपर्वाई नाही, त्याच्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा भाग आहे. १९९५ साली लंडनमध्ये रायनन कॉर्कोरन, क्रिस फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशीच आडवळणाची वाक्यं घेऊन चाचणी केली होती. उन्हातून आलेला माणूस ऑफिसात म्हणतो, "काय लांबचा प्रवास, काय उकाडा!" त्याला प्यायला काहीतरी हवंय, हे आपण न सांगता ओळखतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांना तेच जड जातं. वाक्य कळतं, बोलणाऱ्याच्या मनातलं हुकतं. याचा अर्थ हुशारी कमी आहे असा नाही. आपला दादा आजही शेजारच्या मुलाला दहावीची गणितं शिकवतो.

कधी उलटंही होतं, नसलेला हेतू दिसायला लागतो. आई, तू नि मावशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतात आणि हा भरल्या ताटावरून उठला. विषय होता मावशीच्या सुनेच्या बाळंतपणाचा! तेव्हा त्याच्यादेखत कुजबुज नको. त्यालाच सांगायचं, "आम्ही अमक्याबद्दल बोलतोय."

गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, मग हे का नाही, असं आई विचारते. या गोळ्या भास आणि संशय आवरतात. दुसऱ्याचं मन ओळखण्याच्या क्षमतेवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून गोळ्या परस्पर कमी करायच्या नाहीत, फक्त त्यांच्याकडून हे काम होईल अशी आशा धरायची नाही.

आणि माया? ती आहेच. थंडीत आई स्पष्ट म्हणाली, "मला हुडहुडी भरलीय, शाल आण." त्याने शाल आणली, न सांगता खिडकीही लावली. त्याला तेवढं एक वाक्य पुरलं.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखता यावं यासाठी सरावाचे कार्यक्रम असतात. दादाला त्यांचा उपयोग होईल का, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. पुण्यातच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबीयांसाठी काम करते. तिथे चौकशी करून ठेवते. मी दिवाळीला आले की आपण तिघं जाऊ. जायच्या आधी दादाला कुठे आणि कशाला चाललोय ते मीच सांगेन.

तुमची,
छोटी