मोटर प्रथिने माल कसा ओळखतात, हेही वाचकांना सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत पेशींतर्गत वाहतुकीवर आलेला लेख मी आवडीने वाचला. कायनेसिन हे मोटर प्रथिन, म्हणजे पेशीत माल वाहून नेणारे प्रथिन, सूक्ष्मनलिका या पेशीतल्या रुळांसारख्या नळ्यांवर आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकत आणि प्रत्येक पावलाला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा एक रेणू खर्ची घालत कसे चालते, याचे वर्णन त्यात अचूक आणि रेखीव होते. मात्र हे प्रथिन ‘हमालाप्रमाणे आपला माल शोधून उचलते’ एवढे एकच वाक्य लिहून लेख पुढे सरकला. विषयाचा गाभा नेमका त्याच वाक्याआड राहिला, असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पेशीत काय काय हलवावे लागते ते आधी पाहू. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, नाना प्रकारच्या पुटिका म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्या, आरएनएचे रेणू, रंगद्रव्याचे कण आणि मोडीत काढायची प्रथिने, या प्रत्येकाची जाण्याची जागा निराळी असते. कण्यातून निघून पावलापर्यंत पोहोचणारा चेतापेशीचा अक्षतंतू मीटरभर लांब असू शकतो, आणि तिथे नुसत्या विसरणाच्या, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याच्या, भरवशावर काहीच वेळेत पोहोचणार नाही. माणसात कायनेसिन कुळाची सुमारे ४५ जनुके आहेत, तेव्हा प्रत्येक मालाला स्वतंत्र मोटर असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सूक्ष्मनलिकांवरून पेशीच्या टोकाकडून केंद्रकाकडे येणारी लांबची वाहतूक जवळजवळ सगळी डायनिन-१ या एकट्या दुसऱ्या मोटर प्रथिनावर चालते. एकच मोटर इतके भिन्न माल वाहते, त्या अर्थी माल ओळखण्याचे काम एकट्या मोटरीचे असूच शकत नाही.

बहुतेक मोटर प्रथिने रिकामी असताना बंद असतात, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. १९८५ साली स्क्विडच्या महाकाय अक्षतंतूच्या अभ्यासातून सापडलेले कायनेसिन-१ घ्या. त्याला सूक्ष्मनलिका धरणारी दोन डोकी असतात आणि दुसऱ्या टोकाला शेपटी असते. माल नसेल तेव्हा हा लांब रेणू मधोमध दुमडतो आणि शेपटी डोक्यांना चिकटून त्यांचे चालणे रोखून धरते. असे झाले नसते, तर रिकाम्या मोटरींनी एटीपी वाया घालवला असता आणि त्या सगळ्या मार्गाच्या टोकाशी साचून राहिल्या असत्या. शेपटीजवळ ‘हलक्या साखळ्या’ म्हणून ओळखले जाणारे प्रथिनाचे छोटे भाग असतात, त्यांत एक खोबण असते. मालावरच्या काही प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन आणि त्याच्या शेजारी आम्लधर्मी अमिनो आम्ले असा अगदी छोटा क्रम असतो, तो या खोबणीत बसतो. ही पकड एकेकटी दुबळी असते, आणि मला तर तिचा दुबळेपणाच महत्त्वाचा वाटतो. अशा एका पकडीवर मोटर पुरती सुरू होत नाही. त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणीही जोड जमावी लागते. म्हणजे माल ओळखणे आणि मोटर सुरू होणे या दोन वेगळ्या घटना नाहीत, एकाच घटनेची ती दोन अंगे आहेत.

डायनिनच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. सस्तन प्राण्यांच्या पेशींतून शुद्ध करून घेतलेले डायनिन एकटे असताना सूक्ष्मनलिकेवर सलग फारसे चालत नाही. त्याला डायनॅक्टिन नावाचा मोठा प्रथिनसमूह लागतो, आणि या दोघांना घट्ट बांधून ठेवणारे तिसरे प्रथिन लागते, ज्याला ॲडॅप्टर म्हणतात. या प्रथिनाचे एक टोक मालाला धरते आणि त्याचा लांब, पीळदार भाग डायनिन व डायनॅक्टिन यांच्यामध्ये बसतो. तिघे एकत्र आले की तीच मोटर लांब पल्ल्याची होते, हे २०१४ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवून दिले. माल बदलला की ॲडॅप्टर बदलतो, मोटर तीच राहते.

माल कोण धरतो आणि कशाच्या आधारे, हे समजण्यासाठी त्वचेतील रंगपेशीइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. या पेशीत मेलॅनिन या रंगद्रव्याने भरलेले कण, म्हणजे मेलॅनोसोम, केंद्रकाजवळ तयार होतात आणि तिथून त्यांना पेशीच्या लांबट टोकांपर्यंत जावे लागते, कारण शेजारच्या पेशींना ते तिथूनच दिले जातात. मेलॅनोसोमच्या पटलावर रॅब-२७-ए हे छोटे प्रथिन बसते. त्याच्यावर जीटीपी हा एटीपीसारखाच रेणू चिकटलेला असेल तरच मेलॅनोफिलिन त्याला ओळखते, आणि मेलॅनोफिलिनचा दुसरा भाग मायोसिन-५-ए या मोटरीला धरतो. इथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. मायोसिन-५-ए मेंदूतही असते, पण तिथल्या रूपात ज्या छोट्या तुकड्यामुळे मेलॅनोफिलिन ओळखले जाते तो तुकडाच नसतो. जनुक एकच, पण रंगपेशीत हा तुकडा जोडला जातो आणि मेंदूत वगळला जातो.

या साखळीतला कुठलाही एक दुवा तुटला की मेलॅनोसोम केंद्रकाभोवती अडकून पडतात आणि केसांना रुपेरी छटा येते. हा ग्रिसेली सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आनुवंशिक विकार होय. कोणता दुवा तुटला त्यानुसार त्याचे तीन प्रकार होतात. केस तिन्ही प्रकारांत सारखेच दिसतात, बाकीचे परिणाम मात्र फार वेगळे असतात. मायोसिनचे जनुक बिघडले तर मज्जासंस्थेचे गंभीर विकार होतात. रॅब-२७-ए बिघडले तर प्रतिकारशक्ती ढासळते, कारण मारक टी-पेशींना आपले विषारी कण बाहेर सोडण्यासाठी तेच प्रथिन लागते. मेलॅनोफिलिन बिघडले तर परिणाम केस आणि त्वचेच्या रंगापुरता राहतो. कोणता दुवा आणखी कुठे कामाला आहे, हे रुग्णाच्या शरीरातच उघड होते.

ज्या पटलात ही प्रथिने रोवलेली असतात त्या पटलाचाही ओळखीत वाटा असतो. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की पेशीने गिळलेल्या कणाभोवतीच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त मेदाची बेटे तयार होतात, डायनिनचे रेणू त्या बेटांवर गोळा होतात आणि एकजुटीने ओढू लागतात. एरवी विखुरलेल्या दुबळ्या मोटरींना अशा रीतीने एका दिशेने जोर लावता येतो.

माल सोडणे हे धरण्याइतकेच काटेकोर असते, आणि याविषयी लोकप्रिय लिखाणात क्वचितच वाचायला मिळते. तंतुकणिकेवरचे मिरो हे प्रथिन कॅल्शियम ओळखते. चेतापेशीचा जो भाग जोमाने काम करत असतो तिथे कॅल्शियम वाढते, ते मिरोला चिकटते आणि जिथे ऊर्जेची निकड आहे तिथेच तंतुकणिका थांबते. यीस्टमध्ये तर रिक्तिका, म्हणजे पेशीतली साठवणीची पिशवी, नव्या कळीत पोहोचली की तिला मायोसिनशी जोडणारे व्हॅक-१७ हे प्रथिन पेशी नष्ट करून टाकते, त्यामुळे रिक्तिका तिथून परत ओढली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

हे सारे तज्ज्ञांपुरते ठेवू नये, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण आजारांशी निगडित आहे. केआयएफ-५-ए या कायनेसिन जनुकाच्या डोक्याच्या भागात दोष असला तर बहुधा पायांचे स्नायू हळूहळू ताठर होत जाणारा आनुवंशिक विकार होतो. २०१८ साली त्याच जनुकाच्या शेपटीच्या भागातील दोषांचा संबंध एएलएस या चेतापेशींच्या घातक आजाराशी आढळला. पुढच्या प्रयोगांत दिसले की शेपटी अशी बिघडली की स्वतःला रोखून धरण्याची मोटरीची क्षमता जाते आणि ती गरज नसतानाही चालू राहते. म्हणजे एका विकारात मोटर दुबळी पडते, तर दुसऱ्यात ती आवरत नाही. ‘मोटर प्रथिनातील बिघाड’ असे मोघम लिहिले की रुग्णाच्या नातेवाइकांना या दोन्ही गोष्टी एकच वाटतात, आणि एका विकारासाठी शोधलेला उपाय दुसऱ्यालाही लागू पडेल, अशी खोटी आशा निर्माण होते. तेव्हा या आजारांवर आपल्याकडे पुढे जो मजकूर येईल, त्यात दोष डोक्यात आहे, शेपटीत आहे की मालाशी जोडणाऱ्या प्रथिनात आहे, एवढे तरी आवर्जून नमूद करावे आणि शक्य झाल्यास सोबत त्या जोडणीची आकृती छापावी, ही नम्र विनंती.

आपली नियमित वाचक,
जीवशास्त्राची एक शिक्षिका