उवा आणि उंदीर का गाळले?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील ज्यूंच्या धर्मग्रंथांमधील विज्ञानावरचा लेख वाचला. लेखकाने वेचलेली उदाहरणे बहुतांशी बरोबर आहेत. माझी तक्रार, त्यांनी जे वगळले त्याबद्दल आहे.

हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या आनुवंशिक रोगाचे, उदाहरण खरोखर थक्क करते. एका आईचे दोन मुलगे सुंतेमुळे दगावले, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे तालमूद हा ज्यूंच्या धर्मचर्चांचा ग्रंथ सांगतो. (दोन की तीन, यावर रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचा, वाद आहेच, वादाशिवाय तालमूदचे पान पुढे सरकत नाही.) तिथेच सेफोरिस या गावच्या चार बहिणींची हकिगत येते. तिघींचे मुलगे सुंतेनंतर गेले. चौथी रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी तिला सुंता करू नको म्हणून सांगितले. काही घराण्यांचे रक्त सैल असते, असे कारणही नोंदले आहे. दोष आईच्या बाजूने येतो, हे त्यांनी हेरले होते. पुढे १२व्या शतकात ज्यू धर्मपंडित आणि वैद्य मायमोनिडीस यांनी, मुलांचे बाप वेगळे असले तरी नियम तोच, असे लिहून ठेवले. सुंता म्हणजे देवाशी झालेल्या कराराची खूण. तीही बाळाच्या जिवापुढे थांबवली, हे मला रोगनिदानाहून मोठे वाटते.

चांद्रमासाच्या आकड्याला मात्र लेखकाने उगाच दैवी ठरवले. २९ दिवस, १२ तास आणि तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भाग. आजच्या मोजमापाशी त्याचा फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, हे खरे. पण बॅबिलोनचे खगोलज्ञ हाच आकडा आधीपासून वापरत होते. शेजाऱ्याकडून चांगले ते घेतले, यात कमीपणा कसला?

आता गाळलेला भाग. उवांना प्रजनन नसते, म्हणून शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ऊ मारली तरी चालेल, असेही तालमूदमध्ये आहे. अर्धा मांसाचा, अर्धा मातीचा उंदीरही आहे. नेमके तेवढे वगळून उरलेल्याला 'विज्ञान' म्हणायची युक्ती आपल्याकडे विमाने शोधणाऱ्यांनाही चांगली अवगत आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याचा उतारा तर लेखात हवाच होता. उघडे तोंड, गळणारी लाळ, लोंबते कान, मांड्यांत शेपूट, रस्त्याच्या कडेने चालणे, अशी लक्षणे तिथे दिली आहेत. असा कुत्रा चावला तर त्याच्याच यकृताचा तुकडा खायला देत. बहुतेक रब्बींनी त्याला मनाई केली, कारण त्या उपायाचा गुण सिद्ध झालेला नव्हता.

माझ्या मते सर्वांत वैज्ञानिक जागा आहे तालमूदच्या पसाहीम या भागात. रात्री सूर्य आकाशाच्या वरून जातो, असे ज्यू पंडित म्हणत; परक्यांचे पंडित म्हणत, पृथ्वीखालून. यावर खुद्द रब्बी येहुदा म्हणतात, आपल्यापेक्षा त्यांचेच म्हणणे पटते. त्यांनी दिलेला पुरावा, म्हणजे झरे दिवसा गार आणि रात्री गरम असतात हा, कच्चाच आहे. पण परक्याचे बरोबर असू शकते हे धर्मग्रंथात जसेच्या तसे राहू दिले!

तालमूदमधील औषधोपचारांबद्दल विचारले असता, आपले पूर्वसूरी वैद्य नव्हते, असे उत्तर १०व्या शतकातले ज्यू धर्मप्रमुख शेरिरा गाओन यांच्या नावावर आहे. लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्या उत्तरालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा