दप्तर हलकं करा, पण मुलांच्या पाठीही बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळा सुरू झाल्या की दप्तराच्या ओझ्यावर पत्रं येतातच आणि त्यात एक वाक्य ठरलेलं, जड दप्तराने मुलांचा कणा वाकडा होतो. दप्तर हलकं व्हायलाच हवं, पाठ दुखते, खांदे भरून येतात हे खरंय, पण कणा बाजूला वळतो तो स्कोलिओसिस दप्तराने होत नाही. मला स्वतःला आहे म्हणून सांगतेय. वयात येताना जो होतो त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते एवढं माहितीये. त्यामुळे पोक काढून बसते, एकाच खांद्यावर पर्स लावते असले शोध लावणाऱ्या बिल्डिंगमधल्या काकूंनी आता थांबावं.

एक्सरेत तो नुसता बाक दिसतो, पण मणके बाजूला झुकताना पिळलेही जातात, धुतलेली चादर पिळतो तसे. म्हणून वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात, एक खांदा उंच, आणि बाक कमरेत असेल तर एक खुबा वर सरकल्यासारखा, दोन्ही पाय सारखे असूनही एक आखूड वाटतो. आता चालण्याचं बघा. नीट चालताना खांदे आणि कंबर एकमेकांच्या उलट फिरत असतात, आपल्याला कळतही नाही. कणा पिळलेला असला की हे फिरणं कमी होतं, पाऊल जरा आखूड पडतं आणि कमरेचे स्नायू मध्ये सुटायला हवेत ते जास्त वेळ ताणलेलेच राहतात. म्हणजे तेवढ्याच अंतराला ताकद जास्त लागते. बाहेरून चाल बहुतेकांची ठीकच दिसते हो, म्हणून तर दादरचा पूल चढून मी कठड्याला टेकले की मागून "एवढ्या तरुण वयात दमली" ऐकू येतं. लोकलमध्ये वरची कडी एका हाताने धरली तर बरं, दुसऱ्या हाताने धरली की दोन स्टेशनांत पाठ बोलायला लागते.

याचा अर्थ मुलांना खेळातून काढून बाकावर बसवा असा अजिबात नाही (काही पीटीचे सर हेच करतात). उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे, त्यानेच सांगितलंय, आणि २००९ मध्ये बर्लिनला त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदात मारले. पाठ-पोटाचे स्नायू मजबूत ठेवावे लागतात, बस.

खरा प्रश्न वेळेत कळण्याचा आहे. एक्सरेवर मोजलेला बाक १० अंश किंवा त्याहून जास्त असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. उंची वाढत असताना बाक साधारण २५ ते ४० अंशांत सापडला तर ब्रेस (धडाभोवती बाहेरून घट्ट बसवायचं कवच) लावून तो बरेचदा रोखता येतो. २०१३ साली आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या पातळीपर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं, आणि ब्रेस दिवसातले जितके जास्त तास तितका फायदा जास्त. उंची वाढायची थांबली की ब्रेसचा तो उपयोग संपला. मुलींमध्ये बाक वाढण्याची शक्यता जास्त, आणि नेमक्या त्याच वयात त्या आईसमोरही पाठ उघडी करत नाहीत, मग सगळ्यात आधी लक्षात येतं ते युनिफॉर्म शिवणाऱ्या मावशींना, फ्रॉक एका बाजूला का उचलला जातोय म्हणून.

तेव्हा महापालिकेच्या आणि खाजगी, दोन्ही शाळांना विनंती, पाचवी ते आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा, पाठीची एक बाजू उंच दिसते का. मिनिटभराचं काम आहे. मुलींसाठी बाईच असाव्यात, दार लावून. आणि शंका आली तर चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांच्या नावाने द्या, तेल लावून मणका बसवून देणाऱ्याकडे पाठवू नका.

– एक वाचक, लालबाग, मुंबई