गजा, आधी जेवून घे

प्रिय गजा,

परवा काकूचा फोन आला होता, म्हणे पोरगा चार-चार दिवस फोन उचलत नाही, उचललाच तर हो-नाही करून ठेवून देते. अन् मग तुझा तो रात्री दोन वाजताचा मेसेज. "आता काही उरलं नाही बे." फोनवर मले असलं बोलता येत नाही हे तुले माहीतच आहे, म्हणून लिहून राहिलो, लांबेल थोडं पण पूर्ण वाच.

कंपनीतलं काम सुटलं, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर, त्याच्यावर मी ज्ञान देणार नाही. प्रार्थनेनं हप्ता भरत नसते गड्या. आमच्यातलेच काही जण स्टेजवरून सांगतात ना, विश्वास ठेवा पैसा येते, ते मले आजपर्यंत पटलं नाही. मी फक्त माझं त्या वर्षीचं सांगतो, जे तुले अर्धंच सांगितलं होतं.

नाल्याचं पाणी घुसून खालचे दोन एकर खरडून गेले एवढं तुले ठाऊक आहे. वरच्या वावरात सोयाबीनले उभ्या शेंगेतच कोंब फुटले, अन् ते बघायले पण वेळ नव्हता कारण त्याच आठवड्यात बाबाले लकवा मारला. नागपूरच्या दवाखान्यात 21 दिवस, मी व्हरांड्यात चटईवर. पिशवीत बायबल होतं पण उघडलं नाही, राग होता रे. लहानपणापासून दर रविवारी उपासनेले जाऊन हेच मिळालं का म्हणून. एका रात्री तर वाटलं आपणच नसलो तर बरं, सुटलो एकदाचे. हे तुले तेव्हा नाही सांगितलं. आज सांगतो कारण तुझ्या मेसेजमधून मले तोच वास आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मावशी एसटीनं आली. हातात तीन ताळी डब्बा, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरून ठेचा फडक्यात बांधलेला. मले वाटलं आता ही वचन सांगते, प्रार्थना करते. तिनं डब्बा उघडला अन् म्हणाली, "आधी जेव, मंग रडजो." बस एवढंच. मी जेवलो अन् तिथंच झोपलो, किती दिवसांनी झोपलो कोण जाणे, उठलो तर ती बाबाच्या उशाशी बसून त्यांचं तोंड पुसून राहिली होती. हिचा स्वतःचा पोरगा दोन वर्षांआधी गेला होता, कसा गेला ते मी लिहीत नाही, आपल्याकडे समजून जातात. ती माणूस कुठून बळ आणते हे मी त्या दिवशी विचारलं नाही, पण मनात राहिलं.

घरी आल्यावर बायबलातली एलियाची गोष्ट पुन्हा वाचली. तुले थोडक्यात सांगतो. देशात दुष्काळ, तीन वर्षं पाऊस नाही, शेवटी पाऊस येते पण राणी एलियाच्या जिवावर उठते. हा रानात पळतो, एका झुडुपाखाली बसतो अन् देवाले म्हणतो पुरे झालं, घेऊन जा मले. एवढा मोठा संदेष्टा बरं का! मले वाटे देव आता रागावते, तुझा विश्वास कुठं गेला म्हणून झापते. तसं काहीच नाही. तो झोपी जातो, देवदूत येते, हात लावून उठवते, उठ जेव म्हणते. निखाऱ्यावर भाजलेली भाकर अन् सुरईभर पाणी. खाऊन तो पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून पुन्हा जेवू घालते, कारण वाट लांबची आहे. त्या भाकरीवर तो 40 दिवस चालला. मले तर सरळ मावशीचा डब्बाच दिसला त्यात.

अन् तक्रार केली तर देव रुसत नाही, हे पण तेव्हाच समजलं. बायबलातलं 88वं स्तोत्र पाय, अंधारातच संपते, शेवटी उजेड-बिजेड काही नाही. तुमची जनाबाई नाही का विठ्ठलाले शिव्या देत, तसंच समज. तू आमच्याकडे नाताळले यायचा तेव्हा कवी नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं टाळावर ऐकून म्हणायचा, हे तर आमच्याच अभंगासारखं आहे बे. तो माणूस नागपूरलेच राहत होता, राजनांदगावले जाताना गाडीत कोणीतरी त्यांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूवरचा भाग, दिला, अन् 1895 मध्ये बाप्तिस्मा. मी तुले बाप्तिस्मा घे नाही म्हणत, उगाच घाबरू नको. तुझे गजानन महाराज तुझ्यापाशी राहू दे.

बाबा आता काठी घेऊन आंगणात चालतात, बोलणं अजून अर्धवट. खालच्या वावरात गाळ आणून टाकला, अर्धा तरी, कर्ज फिटलं नाही. पण पुढच्या मृगात पेरलं मी. पहिली पेरणी मोडली, दुबार केली, अन् ती करताना मले पहिल्यांदा वाटलं की येशूवर विश्वास म्हणजे मह्यासाठी हेच आहे, उगवल किंवा नाही उगवणार, तिफन धरायची.

आता तू. आज रात्री कितीही वाईट वाटलं तर मले फोन कर, दोन वाजता कर, तीन वाजता कर, मी उचलतो. अन् गाडीत बस. बडनेऱ्याले उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो. (यवतमाळचं बायबल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याले गेलं ते परत नाही आलं, तू तरी ये.) तूर फुलावर आहे, कापूस फुटून वावर पांढरं झालं अन् वेचायले बाया भेटून नाही राहिल्या. दोन ओळी तुह्या नावानं ठेवल्या आहेत, फुकटात नाही, मजुरी देईन. मावशीले सांगून ठेवलं, ती म्हणते त्याले ठेचा चालते का विचार.

तुझा,
शमुवेल