तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, १० च्या गोटीसकट

काका, नमस्कार.

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय मिटवता, म्हणून हे लिहूनच काढतेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय म्हणजे तुम्हाला मध्येच पेपर उघडून बसता येणार नाही.

जुलैतली ती शनिवार सकाळ आठवत असेल तुम्हाला. पाऊस नुसता झोडपत होता, मला साडेआठला निघायचं होतं आणि गाडी टिक टिक करून गप्प. बॅटरीचं टर्मिनल सैल होतं, एवढं मला कळलं होतं, १० ची गोटी (म्हणजे सॉकेट, नटावर टोपीसारखं बसणारं पान्याचं सुटं तोंड, १० मिलिमीटरचं) लावून आवळलं की झालं, दोन मिनिटांचं काम. पण १० ची गोटी कुठे? माझ्या गोट्या तेव्हा फरसाणाच्या डब्यात असायच्या. सेटबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या केसची कडी पहिल्याच वर्षी तुटली, मग एकदा ती उलटी उघडली गेली आणि सगळ्या गोट्या पार्किंगभर, तेव्हापासून डबा. पार्किंगमध्ये उकिडवी बसून मी एकेक गोटी उजेडाकडे धरून बघत होते, आकडे काळपट पडलेले, काही दिसत नव्हतं, शेवटी ११ सारखी एक मिळाली, म्हटलं चालून जाईल. नाही चालली. नटाचे कोपरे गेले आणि तो मस्त गोल झाला.

तुम्ही दूध घ्यायला खाली आला होतात. एक शब्द बोलला नाहीत, वर गेलात, ग्रिप प्लायर आणि तुमच्या त्या बामच्या बाटलीतला एक नवा नट घेऊन आलात, पाच मिनिटांत गाडी चालू. मग माझ्या हातातली गोटी चष्मा वर करून बघितलीत आणि म्हणालात, "अगं ही ११ पण नाहीये, ही सात बाय सोळा आहे. इंचाची. ११.१. संध्याकाळी डबा घेऊन वर ये."

ती माझ्या सासऱ्यांच्या जुन्या सेटमधली. दोन्ही सेट मीच एकत्र ओतले होते, जागा वाचते म्हणून!

संध्याकाळी मला वाटलं आता तुम्ही लहान-मोठ्या ओळीने लावायला बसवाल. पण तुम्ही सकाळ-संध्याकाळचे पेपर पसरलेत, डबा पालथा केलात आणि म्हणालात गोटीचं तोंड नंतर बघू, आधी पाठ बघ. म्हणजे रॅचेट, गोटी फिरवायचा दांडा, जिथे बसतो ते चौकोनी भोक. पाव इंची, तीन सूत, चार सूत. तीन ढीग. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं मी दुकानात "थ्री बाय एट" म्हणत होते आणि बोहरी आळीतला माणूस माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून गोटी देत होता, त्याला धड पक्कड धरता येत नाही ते जाऊ दे.) मग प्रत्येक ढिगातून इंचाच्या वेगळ्या काढल्यात, तारेत ओवून माळ केलीत आणि पेटीच्या अगदी तळाशी टाकलीत. अर्धा इंच म्हणजे १२.७ आणि १३ ची गोटी, या दोघी शेजारी ठेवल्या की कधीतरी घात होणारच, हे तुमचं वाक्य नाही, तुमच्या चेहऱ्यावर तसं लिहिलेलं होतं.

आकड्यांचं काम तर मी आता बँकेतल्या सगळ्यांना सांगते आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. काकूंची पांढरी नेलपॉलिश तुम्ही न विचारता आणलीत. गोटी आधी थिनरने पुसायची, कोरलेल्या आकड्यावर एक थेंब, थोडं सुकू द्यायचं आणि मग वरवरचं पुसून काढायचं, म्हणजे पॉलिश फक्त खोबणीत राहते. मी कापड बोटाला गुंडाळून पुसलं तर सगळंच निघालं. तुम्ही म्हणालात बोट मऊ असतं, ते खाचेत शिरतं, आणि तेच कापड आगपेटीवर ताणून फिरवलंत, आणि त्या काळ्या गोटीवर १७ असा लख्ख उठला की मी मोठ्याने "अय्या" म्हणाले. पुढच्या सगळ्या मी केल्या. १४ चा ४ थोडा फाटलाय, तो तसाच ठेवलाय.

मी स्पंज आणला होता, त्यात खाचा कापून गोट्या बसवायच्या असा माझा बेत होता, दिसायला छान दिसतं. तुम्ही नको म्हणालात. पेटी बाल्कनीत, पुण्याचा पावसाळा जूनला चालू झाला की सप्टेंबरपर्यंत ओल, स्पंज पाणी धरून ठेवणार आणि क्रोम जिथे उडालंय तिथून गंज सुरू. म्हणून मग प्लायची पट्टी आणि खुंट्या. चार सुताच्या गोटीला १२ मिलीची लाकडी दांडी बरोबर बसते, तीन सुताचं भोक साडेनऊचं, त्याला ९ ची हवी होती, ती मिळेना म्हणून १० ची घेऊन तुम्ही अख्खा रविवार पॉलिश पेपरने घासत बसलात. आणि खुंट्यांमधलं अंतर गोटीवरच्या आकड्याने ठरवायचं नसतं हेही मला माहीत नव्हतं, तुम्ही व्हर्नियर, ती बारीक माप घ्यायची पट्टी, लावलीत तर १० ची गोटी बाहेरून १७ भरली. वर बोटं जायला जागा हवी ती वेगळी. लांब गोट्यांना पेटीचं झाकण लागतं म्हणून त्या खालच्या कप्प्यात आडव्या, त्यात माझ्या स्कूटरच्या प्लगची १६ ची.

एका गोष्टीवरून आपलं वाजलं होतं. मला सगळ्या गोट्या एकाच ओळीत हव्या होत्या, ८ पासून २४ पर्यंत. तुम्ही १०, १२, १४, १७ उचलून वरच्या कप्प्यात नेल्यात, जपानी पद्धतीच्या गाडीला याच चार लागतात, तिकडे ८ मिलीच्या बोल्टचं डोकं १२ चं असतं आणि युरोपच्या पद्धतीत १३ चं, तुझी १३ पडून राहणार. मी तेव्हा कुरकुरले. १३ अजून एकदाही निघालेली नाही, घ्या.

पण काका, खरा उपयोग झाला तो नोव्हेंबरमध्ये. एअर फिल्टर बदलला, हत्यारं लावली, पेटी मिटणार तेवढ्यात वरच्या पट्टीवर पहिलीच खुंटी नागडी दिसली. १० ची नाही! बॉनेट अजून उघडंच होतं. बॅटरीच्या ट्रेच्या कडेला बसली होती बाईसाहेब. डब्याच्या काळात मला हे कित्येक महिन्यांनी कळलं असतं, तेही पावसात. भोसरीत तुमच्या टूल रूममध्ये सुट्टीच्या भोंग्याआधी तुम्ही रिकाम्या जागांवरूनच नजर फिरवायचात, भरलेल्या जागा कधी बघितल्याच नाहीत, हे तुम्ही सांगितलं होतंत तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते, नीट ऐकलं नव्हतं. आता कळलं.

आणि ते बिल्ले. कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं, बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर. तुम्ही चावीवाल्याकडून गोल चकत्या आणून आपल्या बिल्डिंगमध्ये तेच सुरू केलंत, मला ३ नंबर दिलात. पहिल्या मजल्यावरच्यांना राग आला होता, उसनं मागायला बिल्ला कसला, पण त्यांच्याकडून माझा स्टार पाना आठ दिवसांत परत आला. पूर्वी तो दिवाळी टू दिवाळी यायचा.

तर मनापासून थँक्यू. काकूंना नेलपॉलिशची नवी बाटली आणलीय, पांढरीच मिळाली, लाल सांगितली होती का त्यांनी ते विचारा. आणि हो, तुमच्या टॉर्क रेंचच्या (त्या मोजून आवळायच्या पान्याच्या) खिळ्यावर ३ नंबर लटकतोय ते मला माहितीये. रविवारी चाकं आवळली की आणून देते.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची