विषय: वेब प्रणालीत प्रत्येक पदाधिकाऱ्यास स्वतंत्र खाते व लॉगिन न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,

महोदय/महोदया,

कोथरूड, पुणे येथील 84 सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. देखभाल शुल्काची बिले, पावत्या, व्हाउचर आणि सभासदांचे आय व जे नमुने (म्हणजे सभासदांची नोंदवही व यादी) ठेवण्यासाठी आम्ही एप्रिलपासून आपली वेब प्रणाली वापरत असून वर्षभराची वर्गणी आगाऊ भरली आहे. प्रात्यक्षिक दाखवताना आपल्या प्रतिनिधींनी व्यवस्थापक समितीला सांगितले होते की अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कार्यालयातील लेखनिक आणि लेखापरीक्षक अशा प्रत्येकाचे खाते वेगळे राहील आणि ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार देता येईल. आपल्या दरपत्रकातही ‘दहा युजर’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.

प्रत्यक्षात आम्हाला मिळाले ते ‘अॅडमिन’ नावाचे एकच लॉगिन. याबद्दल विचारणा केली असता, ‘दहा युजर’ म्हणजे त्याच लॉगिनने एका वेळी दहा जणांना काम करता येईल, असा खुलासा आपल्या मदत कक्षाने केला. हा अर्थ आम्हाला मान्य नाही. हिशेबाच्या कामात युजर म्हणजे माणूस, आणि ज्याने नोंद केली त्याचे नाव त्या नोंदीपाशी राहिलेच पाहिजे. कागदी व्हाउचरवर तयार करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही वेगवेगळी घेतली जाते, ती याच कारणासाठी.

यातून काय घडले ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे 46,200 रुपयांचे व्हाउचर 19 जून रोजी प्रणालीतून रद्द झाल्याचे जुलैमध्ये लेखापरीक्षकांच्या लक्षात आले. रक्कम ठेकेदाराला धनादेशाने दिलेली आहे व ती बँकेच्या विवरणात दिसते, त्यामुळे पैशाचा घोटाळा नाही; परंतु व्हाउचर कोणी रद्द केले याचे उत्तर प्रणाली फक्त ‘अॅडमिन’ एवढेच देते. आमचे आधीचे खजिनदार 31 मे रोजी पदमुक्त झाले होते आणि त्यांच्याकडेही तोच पासवर्ड होता. नऊ वर्षे एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ न देता ज्यांनी संस्थेचे हिशेब सांभाळले, त्या 71 वर्षांच्या गृहस्थांना समितीच्या सभेत ‘मी ते केलेले नाही’ असे सांगण्याची वेळ आली. ते खरे बोलत आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण ते सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापाशीही नाही आणि माझ्यापाशीही नाही. बहुधा आमच्यापैकीच कोणाच्या तरी हातून चुकून ती कळ दाबली गेली असावी. कदाचित माझ्याही हातून. या सभेनंतर त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात येणे बंद केले आहे, आणि मला सर्वांत जास्त लागले आहे ते हेच.

पासवर्ड वेळीच का बदलला नाही, असे आपण विचाराल. तो बदलण्यासाठी लागणारा ओटीपी आजही त्याच माजी खजिनदारांच्या मोबाईलवर जातो. नोंदवलेला क्रमांक बदलण्याची सोय प्रणालीत आम्हाला दिलेली नाही, ते काम फक्त आपल्याकडून होते. समितीच्या ठरावाची प्रत आम्ही 6 जून रोजी ई-मेलने पाठवली, त्यानंतर दोनदा स्मरणपत्र दिले, आणि प्रत्येक वेळी ‘विनंती नोंदवली आहे’ एवढेच उत्तर आले. शेवटी जुलैमध्ये त्यांनाच फोन करून, ओटीपी विचारून आम्ही पासवर्ड बदलला. आणि लॉगिन एकच असल्यामुळे नवा पासवर्ड पुन्हा सर्वांना व्हॉट्सअॅपवर कळवावा लागला.

याहून गंभीर बाब त्यानंतर उघडकीस आली. लेखनिकाने ‘पासवर्ड विसरलात?’ ही कळ दाबली, तेव्हा नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा न येता आमचा चालू पासवर्डच जसाच्या तसा ई-मेलमध्ये लिहून आला. याचा अर्थ तो आपल्याकडे वाचता येईल अशा स्वरूपात साठवलेला आहे. योग्य रीतीने बांधलेल्या प्रणालीत पासवर्डचे फक्त हॅश रूप, म्हणजे गणिती प्रक्रियेने बदललेले सांकेतिक रूप ठेवतात, त्यावरून मूळ शब्द उलटा काढून देणे खुद्द कंपनीलाही शक्य नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांनी पासवर्डला संवेदनशील वैयक्तिक माहिती मानले आहे. आमच्या 84 कुटुंबांचे दूरध्वनी क्रमांक, वारसदारांची नावे आणि थकबाकी या एका शब्दामागे आहे.

19 जूनच्या लॉगिनचा तपशील, म्हणजे वेळ आणि आयपी पत्ता (कोणत्या इंटरनेट जोडणीवरून लॉगिन झाले ते दाखवणारा क्रमांक), आम्ही मागितला होता. लॉग, म्हणजे प्रणालीच्या वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 30 दिवसांपुरतेच ठेवले जातात, असे आपल्या मदत कक्षाने कळवले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार असे लॉग 180 दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. तेव्हा हा तपशील खरोखरच नष्ट झाला आहे की तो शोधण्याचे कष्ट घेतलेले नाहीत, हे आपण लेखी कळवावे. तो उपलब्ध असल्यास आम्हाला त्वरित द्यावा, कारण त्यावर एका सज्जन माणसाचे नाव अवलंबून आहे.

आम्हाला नव्या सोयी नकोत. जे सांगून वर्गणी घेतली तेवढेच हवे आहे: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, लेखनिक व लेखापरीक्षक यांची मिळून पाच स्वतंत्र खाती, त्यांत लेखापरीक्षकांचे खाते केवळ पाहण्यापुरते, पायउतार झालेल्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद करण्याचा अधिकार समितीच्या हाती, मात्र तिच्या नावाच्या जुन्या नोंदी कायम, आणि पासवर्ड साठवण्याची पद्धत सुधारल्याची लेखी खात्री. नोंदवलेला मोबाईल क्रमांक मात्र हे पत्र मिळताच बदलावा, त्यासाठी आणखी वाट पाहण्याचे काहीही कारण नाही.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असून त्या सभेत व्हाउचरचा हा विषय निघणारच आहे. म्हणून 15 दिवसांच्या आत उत्तर मिळावे. तसे न झाल्यास समितीच्या ठरावानुसार आम्ही उर्वरित मुदतीची वर्गणी परत मागू आणि आमची सर्व माहिती एक्सेल स्वरूपात घेऊन आपल्याकडील प्रत कायमची पुसून टाकण्याची मागणी करू.

सोबत: दरपत्रकाची प्रत, 6 जूनच्या ठरावाची प्रत, मदत कक्षाशी झालेला ई-मेल व्यवहार आणि पासवर्ड असलेल्या ई-मेलची छापील प्रत (पासवर्ड खोडून).

आपला विश्वासू,
मानद सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)